युद्धाची आठवण कांग्यावर छापायची का?

दीपस्तंभ: परवा इथे एकाने लिहिलं, "टांझानियात इदी अमीनविरुद्धच्या युद्धाच्या आठवणीचे कांगे काढले, ही मेलेल्या सैनिकांची थट्टा आहे, स्मारक दगडाधातूचंच हवं." (कांगा म्हणजे तिकडच्या बायका नेसतात ते छापील सुती कापड; इदी अमीन युगांडाचा हुकूमशहा, युद्ध १९७८-७९ चं.) डोकं तापलं म्हणून लिहितोय. तिथल्याच दार-एस-सलाम शहराच्या चौकात १९२७ पासून ब्राँझचा अस्कारी, म्हणजे आफ्रिकन शिपाई, उभा आहे, पहिल्या महायुद्धासाठी इंग्रजांनी उभारलेला. त्या युद्धात सामान वाहून हजारो हमाल मेले, एकाचं तरी नाव आहे का तिथे?

रोखठोक: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. ज्यात पोर पाठीशी बांधायचं आणि विरलं की लादी पुसायची, त्यावर शहीद छापायचे?

माजघर: अहो, कांगा कधी हातात तरी घेतलात का? आम्ही दारला राहायचो. दोन कांगे जोडून येतात, मधून कापायचे, कडा शिवायच्या, चारी बाजूंना काठ आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ. लग्न, बाळंतपण, मयत, कांगा लागतोच. शेजारणीचा भाऊ १९७९ मध्ये गेला, तिने युद्धाचा कांगा कधी नेसला नाही, पण भावाचा विषय निघाला की ट्रंकेतून काढून दाखवायची. लादी म्हणे!

म्हापशेकर: कांग्याचं काय घेऊन बसलात! १९७२ ला अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देशाबाहेर काढलं, आमचे काका युगांडातल्या कंपालातलं सगळं सोडून गोव्यात आले, त्यांची आठवण कोणी कशावर छापली?

रोखठोक: आणि १९७१ ला टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी भाड्याच्या इमारती सरकारजमा केल्या, त्या बहुतेक आशियाई लोकांच्याच होत्या ना? ते पण बोला की.

माजघर: घरं घेतली, पण देश सोडा असं नाही म्हणाले. अमीनच्या पंक्तीला बसवू नका त्यांना, टांझानियाच्या सीमेवरच्या कागेरात घुसला कोण ते आधी बघा.

म्हापशेकर: ज्याची इमारत गेली त्याला विचारा फरक! आमच्या काकांचे दारमधले मित्रही त्यानंतर हळूहळू निघूनच गेले.

दीपस्तंभ: धागा कांग्याचा आहे हो, वेगळा काढा ना त्यासाठी.

रोखठोक: बरं, ट्रंकेतल्या कांग्यापुढे माझं बोलणं खुंटलं, एवढं मान्य. पण कांग्यावर विजयच येणार. युद्धाने तिजोरी रिकामी केली, नंतर दुकानात साखर, साबण, कापडसुद्धा मिळेना, ते कोण छापणार?

माजघर: कोणी नाही छापणार. पण रांगेत उभ्या राहिलेल्या त्या बायकाच ट्रंकेतला कांगा दाखवताना तेही सांगतात, तुमचा ब्राँझचा शिपाई सांगेल का?

म्हापशेकर: आणि ९० दिवसांचं?