मदत हवी आहे: लॉनवरच्या लग्नात गेट ते मांडव वाट कशी सजवावी?

पुढच्या रविवारी बहिणीचं लग्न, लॉनवर. नवरी ज्या वाटेने मांडवात येणार ती सजवायचीय. डेकोरेटरचा आकडा ऐकून बाबा गप्पच बसलेत. घरच्या घरी काय करता येईल? लवकर सांगा, प्लीज.

चिंचगूळ: वाट किती लांब? मुहूर्त सकाळचा की गोरज? बाहेरचं डेकोरेशन चालतं का त्यांना?

सदाशिवपेठी: पहाटे मार्केटयार्डाचा फुलबाजार गाठा. झेंडू किलोवर घ्या, माळा घरी ओवा. आमच्या मुलीच्या वेळी आदल्या रात्री चौदा जणी ओवायला बसल्या होत्या.

हौशी_माळीण: काका, नुसता झेंडू म्हणजे दसऱ्याची गाडी वाटते. गुलछडी आणि पांढरी शेवंती आणा. दोन्ही बाजूंना पाकळ्या पसरा.

सदाशिवपेठी: झेंडूला नावं ठेवू नका. शुभकार्यात सगळं पांढरं कशाला?

धागाकर्ती: मुहूर्त संध्याकाळी ६:२०. वाट ४० फूट असेल. लॉन पानशेत रोडला, एकदम मोकळं.

चिंचगूळ: हे आधी सांगायचं ना! डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात गुलछडी काय नि झेंडू काय! आधी दिवे बघा. पणत्या काचेत ठेवा, नवरीच्या शालूपासून लांब. पाकळ्या तर वाऱ्याने अक्षतांच्या आधीच उडतील.

लग्नघाई: कार्पेटच्या कडा नीट दाबा. भावाच्या लग्नात वाऱ्याने कोपरा उलटला, करवली अडखळली आणि कऱ्यातलं पाणी थेट मामाच्या धोतरावर. फोटोत मामा अजून तसाच उभा आहे.

कोथरूडकर: थर्माकोलचे खांब आणू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बाकी जेवणात पुलावाऐवजी मसालेभात ठेवा. पंगत की बुफे?

हौशी_माळीण: थर्माकोलचं नाव कोणी काढलं इथे?

धागाकर्ती: आत्ताच फोन केला. लॉनमध्ये खिळे ठोकू देत नाहीत. डेकोरेटर त्यांचाच हवा, पण फुलं आणि पणत्या आपण आणल्या तर चालतील म्हणाले. म्हणजे पाकळ्या रद्द, खुर्च्यांच्या पाठीला माळा बांधते. कार्पेटच्या कडेला विटा ठेवून त्यांवर पणत्या, कसं दिसेल? आणि काका, त्या चौदा जणींपैकी शनिवारी रात्री कोणी मोकळं आहे का?

सदाशिवपेठी: सौ. विचारतेय, झेंडूच ना?