सोनमर्गला मुक्काम केलाय का? थाजीवास, विशनसर, गंगाबल... अनुभव लिहा

रानजाई

काश्मीरच्या सहलीत सोनमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, घोड्यावरून थाजीवास हिमनदीचा बर्फ गाठायचा, भाड्याचे गमबूट घालून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत दल सरोवरावर परत. अंतर जेमतेम 80 किलोमीटर, त्यामुळे ते जमूनही जातं. पण हे खोरं असं धावत बघण्याचं नाही, असं माझं ठाम मत आहे. दुपार कलली की टॅक्सीतळ रिकामा होतो, घोडेवाले घोडी मोकळी सोडतात आणि मग सिंध नदी ऐकू यायला लागते. (ही काश्मीरची सिंध, झेलमला मिळणारी. लडाखमधून वाहणारी सिंधू वेगळी.) दुसऱ्या दिवशी उजाडताना कुरणांवर आपण आणि मेंढ्या, बास.

आणि डोंगरांच्या मागे ती तळी! विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल, नुंदकोल. इथे जे राहिलेत, चाललेत, त्यांनी सविस्तर लिहा. खर्चापेक्षा वाटा, हवा, माणसं यांबद्दल लिहिलंत तर जास्त आवडेल.

अबोली

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, मुलगा सहावीतला, अशी आमची फौज. मे महिन्यात गेलो होतो. मुक्काम करायचं ठरवलं म्हणून टूरवाल्यांनी बरेच आढेवेढे घेतले, "तिथे संध्याकाळी करणार काय?" म्हणाले. संध्याकाळी आम्ही नदीकाठी नुसते बसलो, आणि सगळ्या सहलीत सासूबाईंना तेच सर्वांत आवडलं.

थाजीवासला त्या घोड्यावरून आल्या, मी आणि मुलगा चालत. वाट सोपी आहे, पण दम लागतो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, आणि सोनमर्गचं हॉटेलच त्याच्याहून हजार मीटर वर, तेव्हा लागणारच. चालत गेल्याने देवदाराच्या बुंध्याशी चरणारी मेंढरं, ओढ्यावरचे लाकडी साकव, सगळं निवांत बघता आलं. हिमनदी मात्र मनात होती तशी शुभ्र नव्हती. वरच्या कपारींत बर्फ, खाली राखाडी दगडगोट्यांचा रेंदा, आणि त्यातून वितळलेलं पाणी धावत होतं. मुलाने विचारलं, "आई, मी बाबाएवढा होईन तेव्हा हे असेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

घोड्याचा दर आधी ठरवा, आणि कुठून कुठपर्यंत तेही स्पष्ट बोलून घ्या. आमचा घोडेवाला फार मायेचा निघाला. चढावर सासूबाईंची पाठ दुखेल म्हणून सारखा थांबत होता आणि त्यांना "माँजी" म्हणत होता.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी कांदरूकडे, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याकडे, नक्की जा. तंदूरमधून नुकताच काढलेला गिर्दा, वर बोटांनी दाबलेल्या रेघा, त्या रेघांत वितळणारं लोणी. सोबत गुलाबी रंगाची खारी नून चाय. सासूबाईंनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं होतं, पण निघायच्या दिवशी त्यांनीच मागून घेतली.

कातळकडा

ग्रेट लेक्स ट्रेक, म्हणजे वर लिहिलेल्या तळ्यांची पायी वाट, केलाय, ऑगस्टमध्ये. सोनमर्गजवळच्या शितकडीहून चढायचं आणि पलीकडे नारानागला उतरायचं, एकूण सत्तरेक किलोमीटर. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, इथे वाट अवघड नाही. कातळटप्पे नाहीत, दोर लागत नाही. कस लागतो तो उंचीचा आणि रोजच्या लांब चालीचा.

पहिली चढण पाइन आणि मेपलच्या रानातून. मग भूर्जवृक्ष लागतात. त्यांची साल पापुद्र्यांसारखी सुटून वाऱ्यावर फडफडत असते. जुनी हस्तलिखितं ज्यावर लिहिली गेली ते भूर्जपत्र मी पहिल्यांदा झाडावर पाहिलं. सोलू नका, बघा फक्त. त्यानंतर झाडं संपतात ती पार नारानागच्या उतारापर्यंत.

निचनईची खिंड ओलांडली की विशनसर. किशनगंगा नदीचा उगम इथलाच मानतात. पाण्यात ट्राउट मासे काठावरून दिसतात. किशनसर त्याच्या वरच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी गडसर खिंडीचा चढ, साधारण 4,200 मीटर, संपूर्ण वाटेवरची सर्वांत उंच जागा. वाट किशनसरच्या काठाने उभी चढते, श्वास मोजून पावलं टाकावी लागतात. अर्ध्यावर थांबून मागे वळलो तर दोन्ही तळी एकदम दिसली. खालचं हिरवट, वरचं गडद निळं. आमच्यातले एक गृहस्थ एरवी अखंड बोलणारे, ते खिंडीवर गप्प बसून राहिले.

पलीकडचा उतार म्हणजे फुलांचा मळा. पिवळी, जांभळी, आणि खडकांच्या आडोशाला हिमालयातली ती निळी खसखस, काटेरी देठाची, पाकळ्या इतक्या नाजूक की वाऱ्याने फाटतील असं वाटावं. गडसर तळ्यात जुलैपर्यंत बर्फाचे तुकडे तरंगतात. आम्हाला दिसले नाहीत, पण काठच्या घळीत बर्फ होता.

या भागात लष्कराच्या चौक्या आहेत. मूळ ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते. जवान थोडा वेळ बोलतात, चहा विचारतात. आमच्या इथे एक साताऱ्याकडचा जवान भेटला. मराठी कानावर पडल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला! पहिला प्रश्न, "गावाकडं पाऊस कसाय?" आम्ही पुणेकर, जमेल तेवढं सांगितलं. निघताना जवळचे भाजणीच्या चकलीचे पुडे त्याला दिले.

एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. काही ट्रेक कंपन्यांच्या तळांमागे प्लॅस्टिकचा खच होता. आम्ही ज्यांच्याबरोबर गेलो त्यांचाही त्यात वाटा होता. मी लेखी तक्रार केली, उत्तर आलं नाही. त्याच कुरणांवर बकरवाल आणि चोपान हे मेंढपाळ उन्हाळाभर जनावरं चारतात, तेच पाणी पितात. पैसे भरताना "कचरा खाली आणता का?" हे विचाराच.

गोदाकाठ

एवढा मोठा ट्रेक जमणार नसेल तर नारानागहून गंगाबल करून परत या. मी साठी ओलांडल्यावर केलं. चढ मात्र खडा आहे, तळ्यापर्यंत जवळपास 1,300 मीटर उंची गाठायची असते. मध्ये त्रुंखोलच्या कुरणावर गुज्जर गुराख्यांचे कोठे, म्हणजे मातीच्या छपराच्या झोपड्या आहेत, छपरावर गवत उगवलेलं. तिथे मुक्काम टाकून मग पुढे गेलो.

गंगाबलच्या डोक्यावर हरमुख, 5,142 मीटर. काश्मिरी पंडितांसाठी हे फार पवित्र स्थान. पितरांच्या अस्थी इथे विसर्जित करायची त्यांची परंपरा आहे. मला तिथे एक पंडित कुटुंब भेटलं, दिल्लीत स्थायिक झालेलं. आजोबांनी नातीला ओंजळीत पाणी धरायला शिकवलं आणि एकेका पूर्वजाचं नाव घेऊन ते सोडायला लावलं. मीही माझ्या वडिलांचं नाव घेतलं.

नारानागची मंदिरं घाईत उरकू नका. आठव्या शतकातली, ललितादित्याच्या काळाशी जोडलेली शिवमंदिरं आहेत. आता भग्न आहेत, पण एकावर एक बसवलेले ते अजस्र चिरे आणि झऱ्याचं दगडी कुंड पाहून हेमाडपंती देवळांची आठवण होते.

हिमकण

जानेवारीत जाऊन आलो. पूर्वी सोनमर्गच्या अलीकडच्या गगनगीरपासून पुढचा रस्ता हिमकडे कोसळत म्हणून हिवाळ्यात बंद व्हायचा आणि गावकरी खाली उतरायचे. 13 जानेवारी 2025 ला बोगद्याचं उद्घाटन झालं, साडेसहा किलोमीटरचा आहे, आता बारमाही जाता येतं. चहाच्या टपरीवाल्याने फेरनच्या, म्हणजे काश्मिरी झग्याच्या आतून कांगडी (निखाऱ्यांची टोपली) काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. हिवाळ्यात गाव जागं राहिल्याचं त्याला भारी अप्रूप होतं.

नवखी

मस्त लिहिताय सगळे. आम्ही यंदा जुलैअखेर जायचं म्हणतोय, लेक तेरा वर्षांची आहे, हरिश्चंद्रगड दोनदा झालाय तिचा. ग्रेट लेक्स झेपेल का? शिवाय पहलगामच्या घटनेनंतर घरचे घाबरलेत.

रानजाई

नवखी, भीती वाटणं साहजिक आहे. पहलगामजवळच्या बैसरनला हल्ल्यात मारल्या गेलेल्यांत आपल्याकडची माणसं होती, डोंबिवलीची, पुण्याची. त्या हल्ल्यानंतर बरीच ठिकाणं आणि वाटा बंद केल्या होत्या, आणि नियम अजूनही परिस्थितीनुसार बदलतात. तेव्हा आगाऊ पैसे भरण्याआधी वाट खुली आहे का, परवानगी कोण काढणार, हे सोनमर्गच्या स्थानिक माणसाकडून पक्कं करून घ्या. अमरनाथ यात्रा चालू असेल तर बालतालच्या, म्हणजे यात्रेच्या तळाकडच्या गाड्यांमुळे रस्त्यावर ताफे असतात, तो वेळ धरा.

लेकीचं म्हणाल तर चालण्याची सवय आहे, उत्साह आहे, अडचण नसावी. फक्त आल्याआल्या वर चढू नका. आधी सोनमर्गला मुक्काम करा, थाजीवासला चालत जाऊन या, भरपूर पाणी प्या. डोकं दुखलं, मळमळलं तर मुलं सांगत नाहीत, तुम्हीच विचारत राहा, आणि वाढलं तर खाली उतरा. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या, अर्थात खिंडीपलीकडे तेही बंदच. दुपारनंतर पाऊस येतो, पोंचो सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. आणि बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या, लेकीला रोज घालून फिरायला सांगा.