रिकाम्या रंगमंचावर रात्रभर दिवा कशाला?

तालीमवेडी:
परवा तालीम संपल्यावर सगळे दिवे मालवले, पण रंगमंचाच्या मधोमध स्टँडवर एक उघडा बल्ब तसाच जळत ठेवला. विचारलं तर म्हणे, "भुतांसाठी." त्याआधी विंगेत शीळ घातली म्हणून मला ओरडाही बसला होता. यात खरं किती? कुलूप लावायला रात्री मी एकटीच असते, म्हणून विचारतेय.

विंगेतला:
त्याला 'घोस्ट लाइट' म्हणतात. मी बावीस वर्षं प्रकाशयोजनेचं काम करतोय. एकदा तो दिवा लावायचा राहून गेला. स्विचबोर्ड पलीकडच्या विंगेत. अंधारात चाचपडत निघालो आणि उजव्या पायाचा चवडा एकदम अधांतरी! खाली वादकांचा खड्डा, चांगला सात-आठ फूट. मटकन खाली बसलो. खालून गार, कुबट हवा तोंडावर येत होती, तीवरून कड कुठे आहे ते कळलं. रांगतच मागे आलो. तेव्हापासून तो दिवा पेटलेला पाहिल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. २०२० मध्ये साथीमुळे जगभरची नाट्यगृहं बंद होती, तेव्हाही कित्येक ठिकाणी हा दिवा तेवत ठेवला होता. ते वाचून मला भरून आलं होतं.

शिळेबद्दल असं सांगतात की पूर्वी वरचे पडदे ओढायला खलाशी असत आणि त्यांचे इशारे शिळेचे. भलत्या वेळी शीळ वाजली की जड पडदा कुणाच्या तरी डोक्यावर. तुम्हाला ओरडले ते बरोबरच केलं.

शेवटचीरांग:
पण सगळीच भुतं वाईट नसतात. लंडनच्या ड्रुरी लेनमधल्या थिएटर रॉयलची आजची इमारत १८१२ ची. तिथे तिकोनी टोपीतला 'राखाडी माणूस' दिसतो म्हणतात, तोही भरदिवसा, वरच्या बाल्कनीत. तालमीत दिसला तर नाटक चालणार, अशी नटांची श्रद्धा!

विंगेतला:
हो, ती कथा माझी फार आवडती. पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहाचं मात्र वाचवत नाही. १८९६ मध्ये प्रयोग चालू असताना झुंबराला तोलणारं वजन कोसळलं आणि एक बाई जागीच गेली. इमारतीखाली पाण्याचा हौदही खरोखर आहे. भुताची गोष्ट रचायला आणखी काय लागतं?

तालीमवेडी:
म्हणजे मी घाबरू की नको?

विंगेतला:
भुताला नको, कडेला घाबरा. रंगमंचाच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून घ्या. आणि त्या दिव्याचा प्लग कुठे आहे ते बघून ठेवा, झाडताना कुणीतरी तो हमखास काढतं.