पाडव्याचं गोड: झटपट पुडिंगचे ट्रे, १२० पानं

प्रेषक: भोजन समिती

नमस्कार मंडळी,

पाडव्याला १२० पानं धरली आहेत. श्रीखंड आणि पुऱ्या बाहेरून येणार आहेत. दुसरं गोड चार-पाच घरी वाटून करायचं ठरलंय आणि झटपट पुडिंगचं काहीतरी करावं असं बहुतेकांचं मत पडलं. अटी चारच: ओव्हन नको, अंडं नको, जिलेटिन नको आणि आदल्या रात्री करून ठेवता आलं पाहिजे.

ज्यांचा या पाकिटांवर हात बसलेला आहे त्यांनी नेमकी प्रमाणं कळवावीत. ‘अंदाजाने घ्या’ असं कृपया लिहू नका. पाच घरांतून पाच तऱ्हेचे ट्रे आले की वाढताना पंचाईत होते.

– भोजन समिती


प्रेषक: माजी भोजनप्रमुख
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड

ताई, आधी खोक्याबद्दल, कारण अर्ध्या चुका दुकानातच होतात.

जेल-ओ या अमेरिकी ब्रँडच्या नावाखाली तीन निराळ्या वस्तू मिळतात. फळांच्या स्वादाची पारदर्शक जेली असते तिच्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं. ती शाकाहारी पानात चालत नाही. पुडिंगच्या खोक्यात जिलेटिन नसतं, ते स्टार्चवर घट्ट होतं. पण पुडिंगमध्येही दोन प्रकार आहेत: ‘इन्स्टंट’ आणि ‘कुक अँड सर्व्ह’. खोकी दिसायला जुळी भावंडं. ‘कुक अँड सर्व्ह’मधला स्टार्च कच्चा असतो, थंड दुधात कितीही घुसळला तरी तळाशी बसतो आणि जिभेवर खरखरतो. आपल्याकडच्या कस्टर्ड पावडरीचंही तेच, ती शिजवावीच लागते. आपल्याला ‘इन्स्टंट’ हवं. त्यातला स्टार्च आधीच शिजवून वाळवलेला असतो, म्हणून थंड दुधातही फुगतो. शिवाय त्यात फॉस्फेटचे क्षार असतात, ते दुधातल्या प्रथिनांना धरून दूध घट्ट करतात. या दोन गोष्टी लक्षात राहिल्या की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आता आंब्याचा ट्रे, ९ बाय १३ इंचांचा, २४ तुकड्यांचा:

व्हॅनिला इन्स्टंट पुडिंग, ३.४ औंसांची (९६ ग्रॅम) दोन खोकी
अगदी थंड दूध २ कप
आंब्याचा पल्प दीड कप, वर ओतायला आणखी अर्धा कप
कूल व्हिप (गोठवून मिळणारं, क्रीमसारखं तयार फेटलेलं टॉपिंग) ८ औंसांचा एक डबा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मऊ केलेला
पार्ले-जी साठेक बिस्किटं
वेलदोड्याची पूड पाऊण चमचा, केशराच्या आठ-दहा काड्या

केशर चमचाभर कोमट दुधात भिजवून ठेवा. तळाला बिस्किटांचा एक थर लावून घ्या, साधारण तीस लागतात. कडेला तुकडे करून बसवा, पण फटी ठेवू नका.

मोठ्या पातेल्यात आधी दूध घ्या, मग फेटत फेटत वरून पावडर भुरभुरवा. उलट केलंत, म्हणजे पावडरीवर दूध ओतलंत, तर तळाशी गुठळ्या होतात. त्यांच्यावर बाहेरून चिकट साल धरतं, आत कोरडी पावडर राहते आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत. हँड मिक्सर सगळ्यात कमी वेगावर, घड्याळ लावून दोन मिनिटं. मिक्सरच्या भांड्यात फिरवू नका, नुसता फेस होतो.

आपण खोक्यावरच्यापेक्षा निम्मंच दूध घेतोय (खोक्यावर ३.४ औंसांना २ कप लिहिलेलं असतं), त्यामुळे मिश्रण दीड मिनिटातच जड होतं. फेटणीच्या रेघा वर तशाच उठून राहिल्या की थांबा. मग पल्प, केशर आणि वेलदोडा घालून रबरी उलथन्याने सारखं करा. पल्प पहिल्यापासून दुधाच्या जागी घालायचा मोह होतो, तो टाळा. पल्पात दुधाची प्रथिनं नाहीत, फॉस्फेटला धरायला काही मिळत नाही आणि मिश्रण आमरसासारखं सैल राहतं. दुधात आधी घट्ट झालं की मग पल्प झेपतो.

पाच मिनिटं थांबून कूल व्हिप तीन वेळा थोडं थोडं घाला. हात खालून वर फिरवायचा, ढवळायचं नाही. पांढऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या की लगेच सोडून द्या. अर्धं मिश्रण बिस्किटांवर, मग दुसरा बिस्किटांचा थर, मग उरलेलं. वरचा अर्धा कप पल्प चमच्याने रेषा ओढून पसरा. झाकून फ्रिजमध्ये आठ तास. इतक्या वेळात पार्ले-जी केकसारखी मऊ होते आणि सुरी सरळ खाली जाते. दीड दिवस ठेवलं तर मात्र तिचा लगदा होतो, म्हणून शुक्रवारी रात्री करून शनिवारी दुपारी वाढा.

आणखी एक. चव बघायला घेतलेला उष्टा चमचा पुन्हा मिश्रणात जाऊ देऊ नका. स्वच्छतेसाठी तर नकोच, पण लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्च तोडतं आणि सकाळपर्यंत कडेने पाणी सुटलेलं दिसतं. पुडिंग ‘उगाचच’ पातळ झालं अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा कारण हे असतं.

– माजी भोजनप्रमुख


प्रेषक: खरेदी
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड

काका, घाऊक दुकानात ५.१ औंसांची खोकी स्वस्त पडतायत. दोन लहानांऐवजी एक मोठं चालेल का? आणि बिनसाखरेचं १ औंसाचं खोकं दिसतंय ते एवढंसं का?

शिवाय दोन कुटुंबं दूधच घेत नाहीत. त्यांच्यासाठी हेच सोया दुधात करून द्यावं का?

– खरेदी


प्रेषक: माजी भोजनप्रमुख
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड

एक मोठं म्हणजे दीड लहान, दोन नव्हे. ५.१ औंस म्हणजे १४४ ग्रॅम, आणि एका ट्रेला १९२ लागतात. तेव्हा एक मोठं आणि अर्धं लहान (४८ ग्रॅम) वजनकाट्यावर मोजून घ्या. नुसत्या एका मोठ्यावर भागवलं की तुकडा ताटात पसरतो.

बिनसाखरेच्या खोक्यातून साखर निघून गेलेली असते, म्हणून ते हलकं. घट्ट करणारा ऐवज तेवढाच असतो. ३.४ औंसांच्या एका खोक्याच्या जागी १ औंसाचं एक खोकं, दूध तेवढंच. मधुमेह असलेल्यांना मात्र ‘साखर नाही’ एवढंच सांगून वाढू नका. स्टार्च आहे, दूध आहे, पल्पात साखर आहे, बिस्किटं आहेत.

सोया दुधात इन्स्टंट पुडिंग घट्ट होत नाही, कारण तेच: फॉस्फेटला हवं असलेलं दुधाचं प्रथिन त्यात नाही. बदामाचं किंवा ओटचं दूध खोक्यावरच्या प्रमाणाच्या निम्मं घेतलं तर स्टार्चवर जेमतेम धरतं, पण ट्रे कापण्याइतकं नाही. आणि कूल व्हिपमध्ये दुधाचे घटक असतातच. त्या दोन कुटुंबांसाठी पाकीट बाजूला ठेवा आणि सरळ हे करा: नारळाच्या घट्ट दुधाचा एक डबा (४०० मिली), आंब्याचा पल्प १ कप, कॉर्नफ्लोअर ४ सपाट मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअर आधी थोड्या थंड नारळाच्या दुधात कालवून मग सगळं एकत्र करा. मंद आचेवर सतत ढवळा, मधोमध बुडबुडे फुटायला लागले की आणखी एक मिनिट, मग उतरवून वाट्यांत ओता. लहान दहा वाट्या होतात. चव कोकणातल्या घरची येते आणि ही काही नाइलाजाने केलेली, कमी प्रतीची पाककृती नाही, दूध घेणारेही मागतील. दुप्पट करा.

लॅक्टोज काढलेलं गाईचं दूध मात्र बिनधास्त वापरा. त्यातली साखर तेवढी मोडलेली असते, प्रथिनं जागेवर असतात. २ टक्केवालं दूधही चालतं, घट्टपणाचा स्निग्धांशाशी संबंध नाही.


प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड

नमस्कार काका, मुलांसाठी दोन ट्रे चॉकलेटचे करूया. इकडे सगळीकडे करतात तो न भाजता होणारा एक्लेअर केक. एका ट्रेला व्हॅनिला इन्स्टंटची ३.४ औंसांची दोन खोकी, थंड दूध ३ कप, कूल व्हिप ८ औंस आणि ग्रॅहम क्रॅकर्सचं (गव्हाची गोडसर, चपटी बिस्किटं) १४.४ औंसांचं एक खोकं. क्रॅकर्सचा थर, निम्मं पुडिंग, क्रॅकर्स, उरलेलं पुडिंग, शेवटी पुन्हा क्रॅकर्स. सगळ्यात वरचे क्रॅकर्स गुळगुळीत बाजू वर करून लावायचे, म्हणजे चॉकलेट एकसारखं बसतं.

चॉकलेटसाठी १ कप सेमीस्वीट चॉकलेट चिप्सवर पाऊण कप गरम हेवी क्रीम ओतून तीन मिनिटं तसंच ठेवायचं, मग मधून बाहेर ढवळत यायचं. क्रीम अर्धाच कप घेतलं तर फ्रिजमध्ये थर कडक होतो, सुरी लावली की तडकतो आणि खालचं पुडिंग बाजूने बाहेर येतं. ओतताना चॉकलेट बोटाला कोमट लागलं पाहिजे, गरम नको. सुरी प्रत्येक कापाला गरम पाण्यात बुडवून पुसायची.

व्हॅनिला वेफर्स आणि लेडीफिंगर (लांबट स्पंजी बिस्किटं) वापरू नका. नेहमीच्या निला वेफर्समध्ये अंडं असतं, लेडीफिंगर तर अंड्यावरच उभी असते. मार्शमॅलोही नको, त्यात जिलेटिन आहे.


प्रेषक: शाळा विभाग
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड

पिस्त्याचं वाट्यांमध्ये सुचवते. श्रीखंडाशेजारी आंब्याचा मोठा तुकडा जड होईल असं वाटणाऱ्यांना लहान वाटी बरी.

एका ३.४ औंसांच्या पिस्ता खोक्याला इव्हॅपोरेटेड मिल्कचा १२ औंसांचा एक डबा आणि अर्धा कप दूध, दोन्ही थंडगार. डब्यातलं दूध आटवलेलं असल्यामुळे त्यात प्रथिनं जास्त, म्हणून मिश्रण नेहमीपेक्षा घट्ट आणि बासुंदीकडे झुकणारं होतं. वेलदोडा आणि किंचित जायफळ घाला. साखर अजिबात नको, खोक्यात सगळ्यात जास्त तीच असते. फेटल्यावर दोन मिनिटांच्या आत वाट्या भरून टाका. एकदा बसलेलं पुडिंग पुन्हा हलवलं की त्याला धरून ठेवणारं स्टार्च-प्रथिनांचं जाळं मोडतं, मग ते परत तसं बसत नाही आणि वाटीत पाणी वेगळं दिसतं. दोन कप मिश्रणाच्या पाव कपाच्या आठ वाट्या, म्हणजे सहा खोक्यांच्या ४८.

पिस्त्याच्या वाट्या वेगळ्या टेबलावर, ठळक चिठ्ठी लावून ठेवा. या खोक्यात सुक्या मेव्याचे तुकडे असतात. चमचेही वेगळे.

ताजा अननस वर घालायचा विचार कुणी बोलून दाखवला होता. तो नको, किवी आणि पपईही नको. त्यांच्यातली एन्झाइम्स दुधाची प्रथिनं तोडतात, तासाभरात कडवट चव येते. डब्यातला अननस उष्णता दिलेला असतो, तो निथळून घेतला तर चालतो. आंब्याच्या ताज्या फोडी चालतील, पण वाढायच्या आधी दहा मिनिटं, नाहीतर त्यांचं पाणी खाली झिरपतं.


प्रेषक: भोजन समिती
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड – वाटणी आणि खरेदी

सगळ्यांचे आभार. आंब्याचे ३ ट्रे, चॉकलेटचे २, पिस्त्याच्या ४८ वाट्या, नारळाच्या दुधाच्या २० वाट्या.

यादी: व्हॅनिला ३.४ औंसांची १० खोकी, पिस्त्याची ६, दूध १ गॅलन (हिशेबाने १५ कप लागतात, केशर भिजवायला धरून पुरतं), कूल व्हिप ८ औंसांचे ५ डबे, आंब्याच्या पल्पाचे ८५० ग्रॅमचे ३ डबे, इव्हॅपोरेटेड मिल्कचे ६, नारळाच्या दुधाचे २, ग्रॅहम क्रॅकर्सची २ खोकी, सेमीस्वीट चिप्स २ कप, हेवी क्रीम दीड कप, पार्ले-जी साधारण १८०, कॉर्नफ्लोअर घरचं.

कूल व्हिप गुरुवारी रात्रीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढा. बाहेर ओट्यावर मऊ केलं तर कडेने वितळतं आणि मध्ये बर्फ राहतो.


प्रेषक: माजी भोजनप्रमुख
विषय: उत्तर: पाडव्याचं गोड – वाटणी आणि खरेदी

यादी बरोबर आहे. दोनच गोष्टी.

ॲल्युमिनियमचे ट्रे भरायच्या आधी खाली बेकिंग शीट घ्या आणि शीटसकट उचला. रिकामा ट्रे घट्ट वाटतो, भरल्यावर मधोमध वाकतो आणि वरच्या थराला भेग जाते.

हॉलमध्ये फ्रिज लहान आहे. ट्रे गाडीतून कूलरमध्ये आणा, आणि वाढताना एका वेळी एक आंब्याचा व एक चॉकलेटचा बाहेर काढा, बाकीचे कूलरमध्येच. दुधाचं गोड खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. बाहेर मांडलेल्या ट्रेखाली मोठ्या ट्रेमध्ये बर्फ पसरा. बाहेर काढल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहून ट्रेच्या कडेला लावा, म्हणजे वाढणारे बदलले तरी कुणाला विचारावं लागणार नाही.