आस्त्राखान १७०५ : अफवा पसरवणारे शोधले, अफवा खरी का वाटली ते कोणी बघितलं?

गलबतवाला: गेले काही दिवस आस्त्राखानच्या बंडाबद्दल वाचतोय, डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढला. व्होल्गा कॅस्पियनला मिळते तिथलं हे बंदर, इराणचा माल इथूनच रशियात जायचा, आपल्याकडचे मुलतानी व्यापारीसुद्धा तिथे पेढ्या टाकून होते. झार पीटर पहिला. १७०५ च्या जुलैत बाजारात आवई उठली की सात वर्षं लग्नं बंद, आणि मुलीबाळी जर्मनांना (म्हणजे परदेशी लोकांना) देऊन टाकणार. झालं, २९ जुलैला रविवारी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) लोकांनी एका दिवसात शंभरेक लग्नं उरकली आणि त्याच रात्री बंड. सुभेदार र्झेव्स्की कोंबड्यांच्या खुराड्यात लपलेला सापडला, त्याला मारला. पुढे मॉस्कोत प्रेओब्राझेन्स्की कचेरीत (राजद्रोहाचे खटले इथे चालायचे) चौकशी झाली, तीनशेहून जास्त माणसं जिवानिशी गेली. माझं म्हणणं, ही चौकशी मुळात चुकीच्या टोकाकडून सुरू झाली. कोण काय बोललं याचाच पिच्छा, बाप एका दिवसात पोरीचं लग्न लावायला का धावला याचं कोणाला काही नाही.

तोफखाना: अजिबात पटलं नाही. १७०० पासून स्वीडनशी लढाई चालू, मॉस्कोतल्या स्त्रेल्त्सी शिपायांचं बंड होऊन जेमतेम सात वर्षं झालेली, आणि हेच आस्त्राखान १६७० मध्ये बंडखोर कॉसॅक स्तेपान राझिनने घेतलं होतं. त्यात बंडवाल्यांनी दोन कॉसॅकांना मदतीची पत्रं पाठवली. (दोन म्हणजे नदीचं नाव, कॉसॅक म्हणजे तिच्या काठचे स्वतंत्र बाण्याचे लढवय्ये.) अशा वेळी कट कुठवर पोचलाय हे आधी बघायचं की लोकांच्या भावना विचारत बसायचं? कॉसॅक सामील झाले असते तर अख्खी दक्षिण पेटली असती.

मीठभाकर: भावना कसल्या हो, पोटाचा प्रश्न होता. त्याच वर्षी मीठ सरकारी मक्त्यात गेलं आणि दुप्पट भावाने विकायला लागले, तेही मासे खारवून जगणाऱ्या गावात! शिपायांचा धान्याचा भत्ता कापला. दाढी ठेवायची तर व्यापाऱ्याने, शहरातल्या माणसाने वर्षाला ३० ते १०० रूबल भरायचे. पीटरच्या युरोपीय पोशाखाच्या हुकुमापायी चर्चच्या दारात उभं राहून लोकांचे लांब अंगरखे कापत होते, दाढ्या अशा ओढून कापल्या की कातडी निघाली, हे त्यांनी स्वतः तक्रारीत लिहिलंय. ज्या सरकारने देवाच्या दारात तोंडाला कात्री लावली ते उद्या मुलगीही नेईल, असं वाटलं तर त्यात नवल काय?

तोफखाना: कर जाच होता, मान्य. पण परदेशी अधिकाऱ्यांच्या घरात केसांचे टोप ठेवायची लाकडी मुंडकी होती, ती मूर्तीच आहेत आणि आपल्याला त्यांची पूजा करायला लावणार म्हणून बोंब झाली. इंग्रज राजदूत व्हिटवर्थने नंतर कळवलं की ते केसांच्या टोपाचे ठोकळे. ठोकळ्यावरून माणसं मारली जात असतील तर बोलणाऱ्याला धरायलाच पाहिजे.

गलबतवाला: धरा ना, पण धरायची पद्धत बघा. "सार्वभौमाचा शब्द आणि कृती" (म्हणजे माझ्याकडे राजद्रोहाची खबर आहे) असं कोणी ओरडलं की सांगणारा आणि ज्याच्यावर बोट तो, दोघेही आत. हात मागे बांधून टांगायचं आणि वरून चाबूक. रशियात म्हणच पडली, पहिला चाबूक चहाडी करणाऱ्याला. अशा जागी माणूस खरं बोलतो की सुटण्यासाठी शेजाऱ्याचं नाव घेतो? मग सुक्याबरोबर ओलंही जळतं आणि कागदावर मोठा कट दिसायला लागतो.

तोफखाना: त्या काळी युरोपात सगळीकडे हेच होतं, एकट्या रशियाला बोल लावू नका. पद्धत क्रूर होती यात वाद नाही. पण र्झेव्स्कीला कोणी मारलं, पत्रं कोणी लिहिली, हे शोधणं चूक म्हणता येणार नाही.

मीठभाकर: शोधणं चूक कोण म्हणतंय? शब्द फिरवला ते चूक. आधी पीटरचं माफीपत्र आलं. मार्च १७०६ मध्ये फील्डमार्शल शेरेमेतेव्ह फौज घेऊन आला, झटापट झाली, आणि १३ तारखेला गाव शरण आलं तेव्हा म्होरक्या याकोव्ह नोसोव्ह आणि त्याची माणसं ओंडका आणि कुऱ्हाड स्वतः घेऊन पुढे आली, म्हणजे मान कापायची तर इथेच कापा. तेव्हा नाही कापली. नंतर एकेकाला मॉस्कोला नेऊन टांगून विचारलं.