कार्यालयीन संगणकांवरील अनधिकृत सॉफ्टवेअर न विचारता काढून टाकावे का?

संगणककक्ष (धागाकर्ते)

आमच्या सहकारी पतसंस्थेच्या ११ शाखांत मिळून १४० संगणक आहेत आणि ते सांभाळायला आम्ही दोघे आहोत. तपासणी तोंडावर आली म्हणून गेल्या महिन्यात कोणत्या संगणकावर काय बसवले आहे याची यादी काढली. फाइली दाबून एकत्र बांधणारे विनरार जवळपास सर्वत्र होते. दुसरीकडे बसून संगणक चालवू देणारे एनीडेस्क २३ संगणकांवर, विंडोज फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करणारे क्रॅक ९ जुन्या असेंबल्ड संगणकांवर, आणि पेनड्राइव्हवरून शाखोशाखी फिरलेले गूगलचे ऑफलाइन मराठी इनपुट ६१ संगणकांवर सापडले. पीडीएफ जोडणारी-तोडणारी फुकट सॉफ्टवेअर किती, ते मोजायचे मी सोडून दिले.

माझे मत असे आहे की, मंजूर यादीत नसलेले प्रत्येक सॉफ्टवेअर एका आठवड्याची सूचना देऊन सरसकट काढून टाकावे, कर्मचाऱ्यांकडील ॲडमिन अधिकार (सॉफ्टवेअर बसवण्याचे व संगणकात बदल करण्याचे अधिकार) काढून घ्यावेत आणि ज्याला काही हवे असेल त्याने लेखी मागणी करावी. संगणक संस्थेचा आहे आणि त्यातील माहिती सभासदांची आहे. तेव्हा त्यावर काय चालावे हे वापरणाऱ्याच्या सोयीवर सोडता येणार नाही. विनरारचेच पाहा. ४० दिवसांच्या चाचणी मुदतीनंतर त्याचा परवाना घ्यावा लागतो, तो आमच्याकडे एकाही संगणकाचा नाही. शिवाय ते स्वतःहून अद्ययावत होत नाही. २०२३ साली त्यातील एका त्रुटीचा गैरवापर एप्रिलपासून चालू होता आणि ती बुजवणारी ६.२३ ही आवृत्ती ऑगस्टमध्ये आली, पण आमच्या बहुतेक संगणकांवर त्याच्याही आधीच्या आवृत्त्या आहेत. तेच काम करणारे सेव्हन-झिप कार्यालयांनाही विनामूल्य असताना हे कशासाठी चालू ठेवायचे?

संचालक मंडळाने संमती दिली आहे. शाखांमध्ये मात्र नाराजी आहे.

टेबल क्रमांक सात

माझा या पद्धतीला विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. मी दुसऱ्या एका संस्थेत लिपिक आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अशीच मोहीम झाली. सूचना आली, पण ती ईमेलने आणि तीही इंग्रजीत. त्यात ज्या नावाचे सॉफ्टवेअर काढणार म्हटले होते, ते आम्ही रोज वापरतो तेच, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. एके सकाळी मराठी टंकन बंद. तो सप्टेंबर होता, वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यायची होती आणि नोटिसा पाठवायच्या होत्या.

मग आम्ही काय केले, ते येथे प्रत्येक संगणक विभागाने वाचावे. आम्ही आपापल्या मोबाइलवर नोटिसा टंकल्या, व्हॉट्सॲपवरून शाखाधिकाऱ्यांना पाठवल्या आणि त्यांनी त्या संगणकावर उतरवून छापल्या. थकबाकीदारांच्या नोटिसाही याच मार्गाने गेल्या. म्हणजे सभासदाचे नाव, पत्ता आणि थकीत रक्कम चार जणांच्या खासगी फोनमध्ये गेली आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही तिथेच आहे. संगणक विभागाच्या अहवालात मात्र ‘अनधिकृत सॉफ्टवेअर : शून्य’ असे लिहिलेले होते.

दुसरी गोष्ट जुन्या फाँटची. युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले १५ वर्षांचे ठराव आमच्याकडे फाइलींमध्ये आहेत. ‘परवाना संपलेले जुने सॉफ्टवेअर’ म्हणून फाँटसकट ते टंकनाचे पॅकेज काढले गेले आणि त्यानंतर ती फाइल उघडली की मराठी ठरावाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसू लागली. कर्मचारी गंमत म्हणून सॉफ्टवेअर बसवत नाहीत. कार्यालयाने जे दिले नाही, ते काम अडते म्हणून बसवतात. पत्त्यांचा खेळ अपवाद.

हिशेब तपासनीस

ताई, आपली अडचण खरी आहे. पण ‘काम अडते’ हे कारण मान्य केले की क्रॅकही त्याच दाराने आत येतो, कारण विंडोजशिवायही काम अडतेच.

धागाकर्त्यांनी सगळ्यांना एकच आठवडा दिला, हे मला पटलेले नाही, पण उलट कारणासाठी. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३बी अनुसार, संगणक प्रणालीची बेकायदा प्रत माहीत असूनही वापरणाऱ्यास कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी किंवा लाभासाठी नसेल तर न्यायालय कारावास टाळू शकते. पतसंस्थेने त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये. यात ‘माहीत असूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. यादी तयार होईपर्यंत संस्था कदाचित अनभिज्ञ म्हणवून घेऊ शकली असती. आता ९ संगणकांचे क्रमांक आपल्या हातातील कागदावर आहेत, मंडळापुढेही गेले आहेत, तेव्हा अनभिज्ञता संपली. ते ९ संगणक आज संध्याकाळी बंद करावेत आणि परवाने येईपर्यंत झाकून ठेवावेत.

मराठी इनपुटची गोष्ट वेगळी आहे. ते फुकटच होते, तेव्हा परवान्याचा प्रश्न नाही. प्रश्न फाइल कोठून आली याचा आहे. विंडोजसाठीचे ते डाउनलोड गूगलने केव्हाच बंद केले आहे. आज जी सेटअप फाइल फिरते आहे ती कोणाच्या तरी संकेतस्थळावरून किंवा कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली असते, आणि ज्या प्रणालीतून प्रत्येक कळ जाते तिच्याबाबत ‘कोणाच्या तरी’ हा शब्द मला तपासणी अहवालात लिहिता येत नाही.

जुना सिस्टीमवाला

काढण्याआधी यादी बरोबर आहे का, ते पाहा. आपण प्रत्येक संगणकावर स्वतःच्या ॲडमिन खात्याने लॉगिन होऊन कंट्रोल पॅनेलमधली यादी उतरवली असावी, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर ती यादी अपुरी आहे. अनेक प्रोग्राम ॲडमिन पासवर्ड न मागता वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतात आणि त्यांची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदसाठ्यात) फक्त त्या वापरणाऱ्याच्या खात्याखाली होते. आपल्या खात्यातून ती दिसत नाही. एनीडेस्क तर न बसवताही डाउनलोड्स फोल्डरमधून थेट चालते. तेव्हा आपले २३ हा किमान आकडा समजा.

यादी काढण्याचा दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे डब्ल्यूएमआयसी या विंडोजमधील आज्ञा-साधनाची ‘प्रॉडक्ट’ ही आज्ञा. ती मुळीच वापरू नका. नुसती यादी मागितली तरी विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक एमएसआय पॅकेजची (त्याच्यामार्फत बसलेल्या सॉफ्टवेअरची) तपासणी करतो आणि काही बिघडलेले दिसले तर दुरुस्तीही सुरू करतो. मी एकदा भर दुपारी, काउंटर चालू असताना, ही आज्ञा ३० संगणकांवर एकदम सोडली होती. संगणक मंदावले, रोखपाल ओरडू लागले आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, १०३५ क्रमांकाच्या नोंदींच्या ओळीच्या ओळी उमटल्या. शिवाय इतके करून एमएसआयने न बसवलेले प्रोग्राम त्या यादीत येतच नाहीत.

मी काढण्याच्याच बाजूचा आहे, पण क्रम उलटा असावा. आधी ॲडमिन अधिकार काढा. मग ॲपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय, ‘फक्त नोंद’ या अवस्थेत महिनाभर चालवा. त्यात काहीही अडवले जात नाही, पण नियम लागू असता तर कोणता प्रोग्राम कोणासाठी अडला असता ते नोंदले जाते. महिन्याअखेरीस सप्टेंबरमधील नोटिसांसारखी कामे त्या नोंदींतून आपोआप समोर येतात. त्यानंतर अडवणे सुरू करा. काढणे हे शेवटचे काम. नियम लागू झाले की डाउनलोड्समधील फाइल पडून राहिली तरी चालत नाही.

टेबल क्रमांक सात

हे मला धागाकर्त्यांच्या प्रस्तावापेक्षा बरे वाटते. तरीही ‘मंजूर’ या शब्दावरचा आपणा सर्वांचा विश्वास मला समजत नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हे संगणक निकामी करणारे घातक सॉफ्टवेअर पसरले ते युक्रेनमधील कार्यालयांनी रीतसर घेतलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि त्याचा फटका बसून आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्याच वर्षी संगणक ‘साफ’ करणाऱ्या सीक्लीनरची अधिकृत ५.३३ आवृत्तीच दूषित निघाली. १९ जुलै २०२४ रोजी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले ते क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने. ते काही कोणा लिपिकाने पेनड्राइव्हवरून बसवले नव्हते.

हिशेब तपासनीस

उदाहरणे अचूक आहेत, निष्कर्ष उलटा आहे. मंजूर सॉफ्टवेअरमधूनही धोका येत असेल तर संगणकावर कमीत कमी सॉफ्टवेअर असावे, असाच त्याचा अर्थ होतो. घराला कुलूप लावूनही चोरी होते, म्हणून कोणी मागचे दार उघडे ठेवत नाही.

संगणककक्ष

सिस्टीमवाल्या साहेबांचा अंदाज खरा निघाला. काल एका शाखेत प्रत्येकाच्या खात्यात शिरून पाहिले, तेव्हा त्या एकाच शाखेत आणखी ५ प्रोग्राम सापडले.

एनीडेस्कबाबत मात्र मी मागे हटणार नाही. असली दूरस्थ नियंत्रणाची ॲप उतरवायला लावून खात्यातील पैसे काढले जातात, अशा आशयाचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचे नाव घेऊन दिला होता. आमच्याकडे ते कर्मचाऱ्यांनी बसवलेलेही नाही. व्यवहारप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने, दिवसअखेरचा हिशेब जुळत नाही म्हणून रात्री फोन आला की घरून पाहता यावे यासाठी, शाखाधिकाऱ्यांच्या तोंडी परवानगीने बसवले. कोणी समोर नसतानाही आत येता यावे म्हणून पासवर्ड ठेवला, तो सगळ्या शाखांत एकच, आणि तीन शाखांत तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला होता.

टेबल क्रमांक सात

मग तेही अनधिकृतच झाले की. आणि ते व्यवस्थापनाच्या डोळ्यांदेखत बसले! शनिवारी रात्री साडेआठला दिवसअखेर अडकते तेव्हा त्या माणसाशिवाय आपल्या शाखा काय करणार, याचे उत्तर तयार ठेवूनच ते काढा.

संगणककक्ष

उत्तर शोधले आहे. कंपनीला कळवले आहे की कायमचा पासवर्ड चालणार नाही. शाखेतून फोन आल्यावर, शाखेतील माणूस समोर बसलेला असताना, त्याच्या होकाराने आणि तेवढ्यापुरताच प्रवेश मिळेल, आणि प्रत्येक वेळेची नोंद वहीत होईल. कंपनी कुरकुरते आहे. क्रॅक असलेले ९ संगणक काल संध्याकाळी बंद केले. त्यातील ४ भंगारात जातील, कारण परवान्याची किंमत त्या यंत्रांपेक्षा जास्त आहे.

मराठी टंकनासाठी विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टचाच मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. तो ६१ संगणकांवर चालू करतो आहे. जुना महिनाभर शेजारी राहील, नंतर काढू. जुन्या फाँटच्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलून घेऊ. तोवर त्या पॅकेजला हात लावणार नाही.

टेबल क्रमांक सात

महिना पुरेल की नाही, ते टंकणाऱ्याला विचारा. नवा कीबोर्ड ‘नमस्कार’ लिहून तपासू नका. थकबाकीची एक पूर्ण नोटीस लिहा, तिच्यात ‘ज्ञानेश्वर’, ‘कऱ्हाड’ आणि ‘ॲडव्होकेट’ येऊ द्या, आणि घड्याळ लावा. शिवाय एक प्रश्न राहिला आहे. ज्या समितीने मंजूर यादी केली, तिच्यात शाखेत बसून रोज मराठी टंकन करणारे किती जण होते?

संगणककक्ष

समितीत आम्ही चौघे होतो. त्यांपैकी एकही नव्हता. सोमवारच्या बैठकीला दोन शाखांतील लिपिकांना बोलावले आहे.