शब्दचर्चा: वेषांतर, सोंग आणि सुटलेली मिशी

विश्रामबागची आत्या:
रविवारी सहावीतल्या भाच्याला घेऊन सांगलीत सिनेमाला गेले होते. इंग्रजी विनोदी सिनेमाचा दुसरा भाग, हिंदीत डब केलेला. पहिल्या भागात जे केलं तेच दोघे पोलीस पुन्हा करतात. नाव बदलायचं, मिशा चिकटवायच्या आणि चोरांच्या टोळीत शिरायचं. गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढीच. एका प्रसंगात जाड्या पोलीस म्होरक्यासमोर गरम सूप पीत बसलेला असतो. वाफेनं डावीकडची अर्धी मिशी सुटते, ओठावरून लोंबत लोंबत वाडग्याला टेकते. म्होरक्या काही न बोलता त्याच्यापुढे रुमाल धरतो. मागच्या रांगेतले एक काका न राहवून ओरडले, "अरं सोंग सुटलं तुझं, सावर की!" सिनेमापेक्षा त्यालाच जास्त हशा मिळाला.

भाच्यानं विचारलं, "आत्या, अंडरकव्हर म्हणजे काय?" मी म्हटलं, वेषांतर. "मग ते काका सोंग का म्हणाले?" इथे मी अडकले. आत नेण्यासाठी भडंगाचा पुडा ओढणीखाली लपवला होता, ते वेषांतर की सोंग, असाही उपप्रश्न त्यानं रिक्षात काढला. जाणकारांनी सांगावं. 'अंडरकव्हर'ला आपल्याकडे नेमका शब्द कोणता?

कृष्णाकाठ:
वेषांतर हा भाषांतर, रूपांतर, स्थलांतर यांच्या घरातला शब्द. इथलं 'अंतर' म्हणजे 'दुसरा', मिरज ते सांगली असतं ते अंतर नव्हे. राहिलं श की ष. संस्कृतात वेश आणि वेष दोन्ही आहेत. मराठीत गणवेश श घेऊन बसला आणि वेषांतर ष घेऊन. ज्यानं त्यानं आपापलं सांभाळावं, वाद घालू नये.

सोंग आणि हिंदीतला स्वांग एकाच पोटचे. पण आपल्या सोंगाला क्रियापदं किती चिकटलीत बघा. झोपेचं सोंग घेतात, आजारपणाचं सोंग करतात, सोंग आणतात, ते वठतं, नाहीतर उघडं पडतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, हे तर महिनाअखेरीला घरोघरी ऐकू येतं. वेषांतराला 'करणे' सोडून एकही सोबती नाही. कोशातला माणूस वाटतो बिचारा, कधी चावडीवर बसला नाही.

विट्याचा:
फरक मला लहानपणीच कळला, बहुरूप्यामुळं. खाकी कपडे, हातात छडी, छातीवर कसलातरी बिल्ला. दारात येऊन आजीला म्हणायचा, "म्हातारे, तुज्यावर वॉरंट हाय, चल तालुक्याला." आजीला पक्कं ठाऊक असायचं की हा बहुरूपी. तरी ती "आगं बया" करून घाबरायची. मग तो हसायचा, चार ओळी म्हणायचा, सूपभर ज्वारी झोळीत पडायची. आता बघा, आजीनं त्याला खरा फौजदार समजून आत पळ काढला असता तर त्याला ज्वारी कुणी घातली असती? ओळखला गेला तरच त्याची कमाई.

दुसरं टोकही आमच्याच खानापूर तालुक्यात आहे. बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे. शिवरायांच्या हेरखात्याचा प्रमुख. वेष पालटण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता असं इकडं सांगतात. त्यांची मिशी सुपात पडली असती तर कुणी रुमाल दिला नसता, थेट मान गेली असती.

म्हणून माझं मत असं. ओळखू येऊ नये म्हणून केलं ते वेषांतर, बघणाऱ्यानं बघावं म्हणून आणलं ते सोंग. सिनेमातला जाड्या म्होरक्यापुढं वेषांतर करतोय आणि तुमच्यापुढं सोंग. काका बरोबर बोलले, तुम्हीही बरोबर. दोन्ही एकाच मिशीवर टांगलेलं असतं म्हणून तर हसू येतं.

रात्रपाळी:
बातम्या लिहिणाऱ्याकडून थोडी भर. आमच्याकडे 'वेषांतर' क्वचित येतं. गर्दीत उभे असतात ते 'साध्या वेशातील पोलीस'. छाप्याआधी पाठवतात तो 'बनावट ग्राहक'. आणि चोरानं खाकी घातली की तो 'तोतया पोलीस'. गंमत अशी की पोलीस आणि चोर दोघेही तेच करतात, जे नाही ते असल्याचं दाखवतात. पण पोलिसानं चोराचा आव आणला तर त्याला कुणी तोतया चोर म्हणत नाही. ज्याला ते पद मिळवण्याचा हक्क नाही त्यालाच तोतया चिकटतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला तोही तोतयाच.

जाता जाता, सिक्वेलला कुणीतरी 'उत्तरार्ध' लिहिलेलं वाचलं. उत्तरार्ध म्हणजे एकाच गोष्टीचा दुसरा अर्धा. हा नुसता दुसरा भाग.

जुना नाटकवेडा:
ज्या सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तिथे सोंगाला हलकं लेखू नका. उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या लळितात देवांची सोंगं येत, एकनाथांच्या भारुडांत एक प्रकारच 'सोंगी भारूड'. तमाशातला सोंगाड्या तर अख्खा फड तोलून धरतो. 'काय सोंगं लावलीत!' असं आई ओरडायला लागली तेव्हापासून शब्द घसरला.

विट्याच्या गड्यानं नियम छान केला, पण त्याला एक भोक आहे. बालगंधर्व आपल्याच जिल्ह्यातले, नागठाण्याचे. नऊवारी नेसून ते रंगमंचावर येत तेव्हा आत पुरुष आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. तुमच्या नियमानं ते सोंग. पण तसं म्हणून दाखवा बघू नागठाण्यात! ती स्त्रीभूमिका, आणि ती करणारा नाटकवाल्यांच्या तोंडी 'स्त्रीपार्टी'. म्हणजे सोंगात बघणाऱ्याला शिवण दिसत राहिली पाहिजे. शिवण दिसेनाशी झाली की शब्द बदलतो.

विट्याचा:
भोक मान्य. शिवण घेतली.

जत वेशीवरून:
एवढं कशाला? आमच्या बाजारात नवा माणूस चहाच्या गाड्यावर दोन दिवस गप बसला की लोक म्हणतात, "जपून बोल, सीआयडी हाय त्यो." मग तो पोलीस असो, वसुलीवाला असो, नाहीतर पोरगी बघायला आधीच येऊन बसलेला पाव्हणा असो. अंडरकव्हरला सीआयडी. बोलीत शब्द कधीचाच आहे.

विश्रामबागची आत्या:
सगळं भाच्याला वाचून दाखवलं. शिवणीपर्यंत नीट ऐकलं. जतकरांचा प्रतिसाद आल्यावर म्हणाला, "सीआयडी होय! मग तेव्हाच सांगायचं ना, आत्या." भडंगाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही म्हणून तो अजून बसून आहे.